जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना खुलं पत्र: अर्ध्या एकराची भाजीही नैसर्गिक शेतीत मोजा

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी,
आणि नैसर्गिक शेतीचे समूह निवडणारे तालुक्यातले सर्व अधिकारी व कर्मचारी

सविनय नमस्कार.

साहेब, यंदाच्या नैसर्गिक शेती समूहात (रासायनिक खत-औषधाशिवाय पिकवणाऱ्या कास्तकारांचा सरकारी योजनेतला गट) अर्ध्या एकराच्या आतलं भाजीपाल्याचं क्षेत्र घेणार नाही, असं तालुक्याच्या बैठकीत सांगण्यात आलं. लेखी काही मिळालं नाही. कारण विचारलं तर उत्तर आलं, "तुकडे लहान आहेत, समूहाचं क्षेत्र भरत नाही." हे आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही, ते आपल्यालाही कळावं आणि आमची भाजी विकत घेणाऱ्या लोकांनाही कळावं, म्हणून पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आम्ही विहिरीच्या कडेला 10 ते 20 गुंठ्यांत वांगी, टमाटर, मिरची, सांभार (कोथिंबीर), पालक, ढेमसे, दोडके पिकवणारे कास्तकार आहोत. माल जवळच्या गुजरीत आणि आठवडी बाजारात जातो. बऱ्याच घरी हे वावर बाईच सांभाळते आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो. काही जण ठेक्यानं जमीन करतात.

राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला केंद्रानं नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. त्यात 15,000 समूह आणि साडेसात लाख हेक्टर क्षेत्र धरलं आहे, म्हणजे एका समूहाला 50 हेक्टर (सुमारे सव्वाशे एकर). आता 50 हेक्टर लवकर कशानं भरतात? कपाशी, सोयाबीन आणि तुरीनं. पाच एकरवाले पंचवीस कास्तकार गाठले की समूह पूर्ण होतो. आमच्यासारखे 10 गुंठ्यांचे कास्तकार घ्यायचे तर तेवढ्याच क्षेत्रासाठी कितीतरी जास्त नावं, जास्त फॉर्म, जास्त फेऱ्या. गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्यांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे आम्हाला दिसतं. पण कागद सोपा व्हावा म्हणून भाजी वगळायची, हा हिशेब उलटा आहे.

कापूस कुणी खात नाही. वांगं सकाळी तोडलं की संध्याकाळी कुणाच्या तरी कढईत असतं. वांग्याची तोडणी दर चार-पाच दिवसांनी होते, टमाटराची भर हंगामात एक दिवसाआड. शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी रासायनिक फवारणी सुरू झाली की ती आठवड्याला येते. फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते डब्यावर छापलेलं असतं, पण तो काळ दोन तोडण्यांमधल्या अंतरापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. पिकलेला माल झाडावर ठेवता येत नाही, म्हणून तो तुटतो आणि बाजारात जातो. विषाचा अंश माणसाच्या पोटात सर्वांत लवकर जातो तो या वाटेनं. अभियानाला लोकांच्या ताटापर्यंत पोचायचं असेल तर पहिला समूह भाजीवाल्यांचा व्हायला हवा होता.

आता गेल्या हंगामात जे साहित्य मिळालं त्याबद्दल.

समूह कपाशीचा म्हणून संचही कपाशीचा. वांग्याच्या वावरात लावायला जे कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग पकडणारे) दिले, त्यातल्या गंधाच्या गोळ्या, म्हणजे ल्यूर, पेक्टिनो ल्यूर होत्या. पेक्टिनो ल्यूरला गुलाबी बोंडअळीचा नर पतंग येतो. वांग्याच्या अळीचा पतंग त्याकडे फिरकतही नाही, त्याला ल्युसी ल्यूरच लागते. टमाटरातल्या फळ पोखरणाऱ्या अळीला हेली ल्यूर, दोडके-कारल्याच्या फळमाशीला क्यू ल्यूर. प्रत्येक किडीचा गंध वेगळा, त्यामुळे चुकीची गोळी लावली की सापळा रिकामा राहतो. आणि रिकामा सापळा पाहून कास्तकार समजतो की वावरात कीडच नाही. तोवर अळी फळात शिरलेली असते आणि आत गेलेल्या अळीला कोणताही अर्क पोचत नाही. सापळा न देणं परवडलं असतं, कारण निदान माणूस झाडाकडे बघत तरी राहिला असता.

योग्य गोळी दिली तरी काम तिथं संपत नाही, हेही शेतीशाळेत सांगितलं गेलं पाहिजे. सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीला हवा आणि झाड वाढेल तसा तो वर सरकवत न्यावा लागतो. महिन्याभरात गोळीचा गंध उतरतो, ती बदलावी लागते. एका ल्यूरची गोळी हाताळलेल्या बोटांनी दुसरी गोळी लावली तर गंध मिसळतो. सापळ्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा मलूल झालेले शेंडे अळीच्या खाली बोटभर अंतरावर खुडावे लागतात. ते शेंडे धुऱ्यावर (बांधावर) फेकले तर अळी त्यातून बाहेर पडून पालापाचोळ्यात कोष करते आणि पुन्हा वावरात येते. म्हणून खुडतानाच बादलीत साबणाचं पाणी ठेवायचं, शेंडे आणि किडके फळ त्यात बुडवायचे आणि नंतर खड्ड्यात पुरायचे. सगळ्यांत जास्त फरक पडतो तो जुनी वांगी वेळेवर उपटल्यानं. शेजारच्या वावरात मागच्या वर्षीची झाडं उभी असतील तर नव्या लागवडीचं नुकसान ठरलेलं. हे एकट्यानं होत नाही, त्यासाठी भाजीवाल्यांचाच गट लागतो.

ट्रायकोडर्माचंही (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) तसंच झालं. पुडे हातात आले ऑगस्टच्या शेवटी. ट्रायकोडर्मा लागतं कधी? रोप टाकायच्या आधी, म्हणजे मे-जूनमध्ये. गादीवाफ्यावरच (रोपांसाठी केलेला उंच वाफा) रोप कोलमडतं ते जमिनीतल्या बुरशीनं, आणि त्या बुरशीच्या आधी ट्रायकोडर्मा मातीत वाढलेलं असावं लागतं. त्याची रीत अशी: 1 किलो ट्रायकोडर्मा 100 किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळायचं, ओलसर ठेवायचं, सावलीत गोणपाटानं झाकायचं, तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं आणि आठ ते पंधरा दिवसांनी वाफ्यात आणि सरीत द्यायचं. नुसता पुडा कोरड्या मातीत विस्कटला तर हाती काही लागत नाही. शिवाय ही जिवंत वस्तू आहे. पत्र्याच्या गोदामात आपल्याकडचा मे महिना काढलेल्या पुड्यात काय जिवंत उरत असेल? कित्येक पुड्यांवर मुदतीची तारीख पुसली गेली होती. पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या भागात असा माल थंड जागेत ठेवायची सोय नसेल, तर तो उन्हाळ्यात मागवूच नये.

उलट त्याच उन्हाचा फुकट उपयोग आहे आणि तो कोणत्याही संचात नाही. मे महिन्यात गादीवाफा तयार करून भरपूर ओला करायचा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीनं दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तसाच ठेवायचा. आतल्या ओल्या उष्णतेनं तणाचं बी आणि रोगाची बुरशी बरीच मरते. काळं प्लास्टिक घेतलं किंवा वाफा कोरडा ठेवला की काम बिघडतं, कारण ऊन आत शिरायला कागद पारदर्शक हवा आणि उष्णता खोल जायला ओल हवी. रोपवाटिकेपुरतं दोन-तीन वाफ्यांचं प्लास्टिक वेळेवर मिळालं असतं तर ऑगस्टमधल्या त्या पुड्यांपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

संचात 'जैविक कीडनाशक' म्हणून एक बाटली होती. तिच्यावर घटक लिहिलेले नव्हते आणि कीटकनाशक कायदा 1968 खालचा नोंदणी क्रमांकही नव्हता. निंबोळीचं औषध असेल तर त्याची तीव्रता 300 पीपीएम (दहा लाखात 300 भाग) आहे, 1500 आहे की 10,000, हे कळल्याशिवाय पंपाला किती टाकायचं ते ठरत नाही. आणि आत रासायनिक भेसळ निघाली, तर ज्याच्या वावरात ती फवारली त्याच्या नैसर्गिक शेतीच्या प्रमाणपत्रावर गदा येणार, वाटप करणाऱ्यावर नाही. अशी बाटली आम्ही यापुढे घेणार नाही.

निंबोळी आमच्या धुऱ्यावर आहे, साहेब. जून-जुलैत ती पिकून झाडाखाली पडते आणि पहिल्या पावसात सडते. ती वेळेत वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवली तर वर्षभराची सोय होते. 5 किलो निंबोळी जाडसर कुटायची, 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून दोन-तीनदा पिळून गाळायची, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून घालायचा आणि एकूण पाणी 100 लिटर करायचं. हा झाला 5 टक्के अर्क. त्याच दिवशी, तोही संध्याकाळी फवारायचा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. उन्हात वाळवलेली, बुरशी चढलेली निंबोळी घेतली किंवा शिळा अर्क वापरला की लोक म्हणतात, निंबोळीनं काही होत नाही. अळी मोठी झाल्यावरही त्याचा फारसा जोर चालत नाही. तो अंडी आणि लहान अळीच्या वेळीच मारावा लागतो. अडचण आहे ती कुटण्याची. गावातल्या बचत गटाला एक पल्व्हरायझर (कुटण्याचं यंत्र) आणि निंबोळी वेचण्याची मजुरी मिळाली, तर बाटल्यांची गरजच उरणार नाही.

आणि सर्वांत मोठा प्रश्न खताचा.

आपल्या अहवालात नैसर्गिक शेतीची प्रगती जीवामृताचे (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) ड्रम किती वाटले यावर मोजली जाते. 200 लिटरचा ड्रम दिला की एक एकर नैसर्गिक झाला. जीवामृताचं आम्हाला वावडं नाही. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकरांनी ते याच अमरावतीच्या मातीत रुजवलं आणि आम्ही ते करतो: 200 लिटर पाणी, 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती. ड्रम सावलीत, तोंडाला गोणपाट, सकाळ-संध्याकाळ ढवळणं, 48 तासांनी वापरायला सुरुवात आणि आठवड्याच्या आत संपवणं. ड्रम उन्हात ठेवला की ते सडतं आणि घाण वास येतो. ठिबकमधून सोडायचं तर दुहेरी फडक्यातून गाळावं लागतं, नाहीतर ड्रिपर चोंदतात. पालेभाजीवर ते फवारू नये, मुळाशीच द्यावं, कारण शेणातले जंतू पानावर राहून कच्च्या सांभारासोबत ताटात जाऊ शकतात. हे एवढं साधं वाक्य एकाही माहितीपत्रकात नव्हतं.

पण जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. हिशेब करून पाहा. 10 किलो ताज्या शेणात नत्र (नायट्रोजन) असतं 30 ते 50 ग्रॅम. गोमूत्र आणि बेसन धरून अख्ख्या ड्रमात ते पाव किलोच्या आसपास भरतं. वांग्याला एकरी 40 किलोच्या पुढे नत्र लागतं. उरलेलं कुठून येणार? कुजलेल्या सेंद्रिय मालातून. भाजीला एकरी 8 ते 10 टन शेणखत लागतं आणि तेही पुरतं कुजलेलं, कारण अर्धवट कुजलेल्या खतात हुमणी अंडी घालते आणि तणाचं बी जिवंत राहतं. ट्रॅक्टर आल्यापासून गोठे ओस पडले, शेणखत विकत घ्यावं लागतं. खत नाही आणि नुसता ड्रम, अशा वावरात दुसऱ्या वर्षी झाडं पिवळी पडतात. मग कास्तकार गपचूप युरिया टाकतो आणि नैसर्गिक शेती बदनाम होते. दोष पद्धतीचा नसतो, अर्धी पद्धत वाटल्याचा असतो.

कुजवायचा माल आपल्याकडे डोंगराएवढा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावोगावी पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवली जाते, सोयाबीनचं कुटारही (भुसा) कित्येक ठिकाणी जळतं. पऱ्हाटी अख्खी कुजत नाही आणि कच्ची मातीत गाडली तर ती कुजवणारे जंतू मातीतलंच नत्र वापरतात, त्यामुळे पीक पिवळं पडतं. तिचे श्रेडरनं बारीक तुकडे करून, शेणकाल्यात भिजवून कुजवावी लागते. यंत्र कास्तकाराच्या ऐपतीतलं नाही, तालुक्याला एखादं असलं तरी ते मार्चमध्ये मिळत नाही.

कुजवण्याची रीत तर विदर्भानंच देशाला दिली. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावानं ती नाडेप म्हणून ओळखली जाते. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, हवेसाठी भिंतीत भोकं ठेवलेली विटांची टाकी. तिच्यात साधारण 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, फक्त 90 ते 100 किलो शेण, 1,750 किलो गाळलेली माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी थराथरानं भरायचं, तेही एक-दोन दिवसांत, म्हणजे सगळा ढीग एकसारखा तापतो. वरून शेण-मातीनं लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसला की पुन्हा भरून लिंपायचं आणि तडे बुजवत राहायचं. तीन-चार महिन्यांत जवळपास 3 टन खत निघतं. थोडक्या शेणात एवढं खत देणारी दुसरी सोपी रीत आम्हाला माहीत नाही. आणि आमच्या गावांत या टाक्यांचं काय झालं? काही ठिकाणी कंत्राटदारानं भिंतीची भोकंच ठेवली नाहीत, त्यामुळे आत हवा जात नाही आणि माल कुजण्याऐवजी सडतो. काही टाक्या रस्त्याकडेला फोटोसाठी बांधल्या, पाण्यापासून लांब. आज त्यात सरपण ठेवलेलं आहे.

शेजारच्या फवारणीचा विषय नाजूक आहे, कारण शेजारीही आमचेच. त्यांना दोष द्यायचा नाही. पण धुऱ्यावर वाऱ्याच्या वेळी 2,4-डी हे तणनाशक मारलं की टमाटर आणि मिरचीची पानं आकसतात, शेंडे वाकतात आणि झाड पुन्हा नीट धरत नाही. तणनाशकाचा पंप न धुता भाजीत वापरला तरी तेच. आम्ही कडेला ज्वारी, मका, शेवरीच्या दाट ओळी लावतो, पण सगळा भार आम्हीच का उचलायचा? यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वारा, वेळ आणि अंतर यांची शिस्त फवारणाऱ्याच्याही जिवासाठी आहे. तणनाशक कोणत्या दिवशी मारणार हे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आदल्या दिवशी सांगितलं तरी आम्ही रोपं झाकू शकतो.

बाजाराचं थोडक्यात सांगतो. 2016 मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, म्हणजे कुठेही विकायची मोकळीक आहे. पण मोकळीक असून बसायला जागा नाही. नैसर्गिक आणि फवारलेली वांगी एकाच ढिगात पडतात आणि दोनचार भोकं दिसली की आमचा ढीग खालच्या भावात जातो.

आमच्या मागण्या अशा.

अर्ध्या एकराची अट मागे घ्यावी आणि भाजीपाल्यासाठी वेगळा समूह करावा, क्षेत्रावर नाही तर कास्तकारांच्या संख्येवर. अट ठेवायचीच असेल तर ती कोणत्या आदेशानं लागू झाली, तो आदेश लेखी द्यावा. सातबारा नावावर नसलेल्या बायांना आणि ठेक्यानं करणाऱ्यांना ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नोंद द्यावी. सहभाग हमी पद्धतीत (कास्तकार गटानं एकमेकांची वावरं तपासून प्रमाणपत्र मिळवतात) पाच कास्तकारांचा गटही चालतो, म्हणून प्रमाणपत्राची नोंदणी थांबवून ठेवू नये.

साहित्य पिकानुसार द्यावं आणि रोपवाटिकेच्या आधी, 15 मेपर्यंत. ट्रायकोडर्मा तेवढं रोप टाकायच्या पंधरा दिवस आधी, ताजं आणि तारीख वाचता येईल असं. ते जमत नसेल तर तेवढी रक्कम गटाच्या खात्यात टाकावी, आम्ही पावतीसह हिशेब देऊ. नोंदणी क्रमांक आणि घटक नसलेली कोणतीही बाटली वाटू नये. गेल्या वर्षी वाटलेल्या बाटल्यांचे नमुने तपासून निकाल गावात लावावा.

ड्रमांबरोबर खताच्या टाक्याही मोजाव्यात. भोकं नसलेल्या टाक्या दुरुस्त कराव्यात, नव्या टाक्या विहिरीजवळ बांधाव्यात. पऱ्हाटीसाठी श्रेडर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पाच-सहा गावांत फिरता ठेवावा, डिझेलचा खर्च आम्ही देऊ. निंबोळीसाठी यंदाच्या जूनपासून बचत गटांना काम द्यावं.

आठवडी बाजारात गटाच्या फलकासह दोन ओटे द्यावेत आणि हंगामात दोनदा आमच्या मालात कीटकनाशकाचा अंश आहे का याची तपासणी कार्यालयाच्या खर्चानं व्हावी. नमुना कोणत्या वावरातून घ्यायचा हे आपण ठरवावं, आम्हाला आधी कळवू नये. अंश सापडला तर त्या वावराचं नाव फलकावरून आम्ही स्वतः उतरवू.

उन्हाळी नांगरटी सुरू आहेत आणि वाफे मेच्या पहिल्या आठवड्यात ओले करायचे आहेत. त्याआधी तालुक्याला भाजीवाल्यांची एक बैठक लावावी आणि त्या बैठकीला समूहाची यादी व संचाची यादी सोबत आणावी. पेक्टिनो ल्यूर भरलेले, एकही पतंग न आलेले सापळे आम्ही जपून ठेवले आहेत, ते त्या दिवशी टेबलावर ठेवू.

आपले,
तालुक्यातील नैसर्गिक भाजीपाला उत्पादक कास्तकार